आंबोणातल्या गोळ्या

आई अंगणात नुसती घसरली आणि मनगट मोडून बसली. महाडच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं, हाडं विरळ झालीत, पुढच्या वेळी खुबा मोडेल. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. मी महाडात शिक्षिका, आई पोलादपूरच्या वरच्या वाडीत एकटी. फळ्यावर गणित मांडतानाही मला तिच्या पायरीवरचं शेवाळ दिसायचं.

महिन्यातून एकदा जायचे, तेही वाऱ्यावर स्वार होऊन. कॅल्शियमच्या गोळ्या रोज तीन घ्यायच्या होत्या. 'सकाळीच तिन्ही घेऊन टाक,' असं मीच सांगितलं. मला कुठे दम निघतो!

पुढच्या खेपेला पाकिटं रिकामी. मी खूश. मग गोठ्यात डोकावले, तर गाईच्या आंबोणात पांढरे तुकडे.

"आई, हे काय?"

"गाय व्यालीय नव्हं! ढोरांचा डाक्टर म्हणला, हिला कॅल्शियम हवं. मला काय हाय गो, सारा जन्म नाचणीवर काढला."

मी इतकी ओरडले की गाय दचकली. तणतणत महाडच्या डॉक्टरांकडे गेले, तर सगळं ऐकून ते हसले.

"तिन्ही एकदम घेऊन तरी कुठे अंगी लागल्या असत्या? आतडं कमी मिळालं की जास्त ओढून घेतं, भरपूर ओतलं की हात आखडतं. तुमच्या आईचं आतडं जन्मभर थोडक्यावर भागवत आलं. आता वयामुळे ती ओढही कमी झालीय. जेवणाबरोबर एकेक द्या, रोज."

ते 'थोडक्यावर' मला झोंबलं. आमच्याकडे दूध पोरांना, ताक गड्यांना आणि भांडं विसळलेलं पाणी आईला. ती हाडं आम्हीच प्यालो होतो.

शनिवारी पुन्हा वाडीत गेले. आईला सगळं घडाघडा समजावलं. ती भाकरी मोडत ऐकत होती.

"म्हंजे एकदम दिलेलं फुकट जातं?"

"बरंचसं."

"नि रोज थोडं थोडं दिलं तर अंगी लागतं?"

"हो गं, तेच सांगतेय मघापासून!"

"मंग तू महिन्याची माया एका दुपारात कशाला गो ओततेस? मला नाय पचत."

तोवर मी पायात चपला सरकवल्या होत्या. चारची एसटी गाठायची होती.