पासवर्ड कोतात जमा

जानेवारीचा दुसरा रविवार, सकाळी दहा. माजी सैनिक संघटनेची वार्षिक सभा, बोनकोडे. हजर: अध्यक्ष कर्नलसाहेब, खजिनदार सुभेदार देसाई, चिटणीस मी, सभासद आणि वीरपत्नी मिळून हॉल भरून. दाराजवळच्या खुर्चीत, पाठ न टेकता, हवालदार जनार्दन म्हात्रे. विषय क्रमांक चार त्यांचाच होता: संघटनेची वेबसाइट त्यांच्याकडून काढून घेणे.

म्हात्रे बोनकोड्याचेच. पलटणीत ते कोत सांभाळायचे. कोत म्हणजे शस्त्रागार. सकाळी सही करून रायफल घ्यायची, संध्याकाळी पुसून जमा करायची. आमची साइट एकदा कोणीतरी फोडली आणि शहिदांच्या फोटोंवर जुगाराच्या जाहिराती झळकल्या. वीरपत्नींच्या पेन्शनची कागदपत्रंही त्याच साइटवर. पुन्हा असं झालं तर साइट कायमची बंद, असं ठरलं आणि सांभाळायला कोणी पुढे येईना. तेव्हा म्हात्रे उभे राहिले. "मला कम्प्युटर येत नाय. पन सांभालता येतं." नंतर क्लास लावून कम्प्युटरही शिकले.

पण साइट चालवली कोतासारखीच. पासवर्ड हवा तर कोपरखैरण्याच्या ऑफिसात यायचं, रजिस्टरमध्ये सही करायची, चिठ्ठी घ्यायची. काम झालं की चिठ्ठी परत. संध्याकाळी पाचला म्हात्रे पासवर्ड बदलून टाकत. एका सूचनेतल्या मंगळवारचा बुधवार करायला मी सीवूड्सहून रिक्षा करून गेले आहे. चिडून म्हटलं, "काका, एक पासवर्ड मला कायमचा देऊन ठेवा ना."

"ताई, रायफल घरी नेतात काय?"

दिवाळीत कर्नलसाहेबांनी फोनवर पासवर्ड मागितला. उत्तर आलं, "साहेब, फोनवर कोत उघडत नाय." साहेबांच्या आयुष्यात हवालदाराने त्यांना पहिल्यांदाच नाही म्हटलं असावं. विषय क्रमांक चार तिथूनच आला. मीच तो टाइप केला.

सभेच्या आदल्या बुधवारी संध्याकाळी साहेबांच्या नंबरवरून देसाई आणि म्हात्रे या दोघांनाही मेसेज गेला: "अर्जंट. साइटचा पासवर्ड लगेच पाठवा." देसाईंनी त्याच दिवशी चिठ्ठी घेतली होती आणि परत करण्याआधी मोबाइलमध्ये तिचा फोटो काढून ठेवला होता. सुभेदाराला कर्नलचा हुकूम. 'येस सर' लिहून त्यांनी फोटो पाठवलासुद्धा.

म्हात्रेंनी लिहिलं, "उद्या नऊला या. सही लागेल."

"मी अध्यक्ष आहे!"

"म्हनूनच सही लागेल, साहेब."

सकाळी कळलं, साहेबांचं व्हॉट्सॲप आदल्या दुपारीच कोणीतरी पळवलं होतं. देसाईंनी मोबाइलमधला चिठ्ठीचा फोटो म्हात्रेंपुढे धरला. म्हात्रेंनी साइट उघडून दाखवली. रात्रभरात कोणीतरी जुन्या पासवर्डने शिरायचा पुन्हा पुन्हा प्रयत्न केला होता. पण तो पाचलाच बाद झाला होता. एकही कागद हलला नव्हता.

सभेत विषय चार आला. कर्नलसाहेब उभे राहिले. "ठराव मी मांडला होता, मीच मागे घेतो. म्हात्रे, तो चोर आहे हे तुम्ही ओळखलंत कसं?"

म्हात्रे उठले. "वलखला नाय, साहेब. मला वाटला तुमीच हाव."

"आणि तरी दिला नाहीत?"

"तुमी असता तरी नसता दिला."

मग सगळ्यात आधी साहेबच हसले आणि हॉलमध्ये असा हशा पिकला की बाहेर चहावाल्याने डोकावून पाहिलं. पुढच्या रांगेतल्या वीरपत्नी उभ्या राहून टाळ्या वाजवू लागल्या, त्यांच्यामागोमाग सगळे. देसाई सर्वांत जोरात. साहेब मंचावरून उतरून दारापर्यंत चालत गेले आणि सॅल्यूट आधी त्यांनी केला. पाय लागून म्हात्रेंची खुर्ची मागे पडली, इतक्या झटक्यात ते सावधान झाले.

"काय हवं ते मागा, म्हात्रे."

"एक मानूस द्या, साहेब. माझ्या हाताखाली. मी आजारी पडलो तर पाचला पासवर्ड कोन बदलेल?"

टाळ्या थांबल्या. कोणी चष्मा पुसू लागलं, कोणाला एकदम फोन आला. देसाई छताचे पंखे न्याहाळत होते. नाव इतिवृत्तात घालायचं म्हणून मी पेन उघडून थांबले होते.

इतिवृत्त लिहून झालं, सह्या झाल्या, साइटवर चढलंही. विषय चार: ठराव मागे, श्री. म्हात्रे यांचे एकमताने अभिनंदन. सहायकाचे नाव: अजून यायचं आहे.