शेजारच्या रिकाम्या सीटवरचे किस्से

गॅरेज चालवलं की दोन गोष्टी साठत जातात, भंगार आणि किस्से. भंगारवाला महिन्यातून एकदा येऊन जातो, पण किस्से न्यायला कोणी येत नाही. पूर्वी काही घडलं की मी हातातला पाना खाली ठेवून नंदूला सांगायचो. तो भागीदार, शाळेपासूनचा दोस्त, आणि हसायला सगळ्यात पुढं. आता तो मस्कतला असतो. म्हणून तुम्हाला सांगतो.

*

हे सगळे किस्से एकाच गाडीचे, आणि ती गाडी नंदूचीच. पांढरी, जुनी, इवलीशी. अपघातात चेपलेल्या एका मोठ्या गाडीचं इंजिन त्यानं तिच्यात बसवलं. आठवडेच्या आठवडे कापाकापी, वेल्डिंग चाललं होतं. इंजिन बसलं, पण बॉनेट काही लागेना! भोरचे एक डॉक्टर सर्व्हिसिंगला आले होते, ते म्हणाले, "अहो, इंजिन फार मोठं आणलंत."

नंदू तोंड पुसत म्हणाला, "इंजिन बरोबर आहे डॉक्टर, गाडीच अजून वाढीच्या वयात आहे!"

डॉक्टर त्याच दिवशी गाडीवर भाळले, विकत द्या म्हणून मागं लागले. बॉनेट उंच करून घेतलं आणि ती पळायला लागली. मग नंदूला मस्कतच्या वर्कशॉपमधून बोलावणं आलं. निघताना त्यानं किल्ली माझ्या खिशात टाकली. "सुध्या, हिला फ्लेक्सवर बसव. मी सुट्टीला आलो की पालीपर्यंत जाऊ."

*

फ्लेक्स म्हणजे टाकीत पेट्रोल असो, इथेनॉल असो की दोन्हीचं मिश्रण, गाडीनं कुरकुर न करता पळायचं. इथेनॉल जास्त लागतं, ठिणगीची वेळही बदलते. पाइपातला सेन्सर मिश्रण ओळखतो, पण पुढं काय करायचं ते इंजिनच्या कॉम्प्युटरला आपणच शिकवायचं. त्यासाठी एकानं गाडी हाकायची आणि दुसऱ्यानं शेजारी लॅपटॉप घेऊन बसायचं.

दुसरा कुठून आणू? मी पुण्यातल्या पंपावरून इथेनॉलनं टाकी भरून आणली आणि एकट्यानंच सुरुवात केली. गॅरेजशेजारी बापूंचं हॉटेल आहे. सकाळी गाडी चालू केली, तर धुराचा गोडसर, उग्र, दारूसारखा वास थेट त्यांच्या भज्यांच्या कढईपर्यंत गेला. मी चहाला टेकलो तसं बापूंनी नाक वर केलं.

"सुधीर, सकाळी सकाळी?"

"मी नाही हो बापू! गाडी!"

बापूंनी चहा ओतला. "तिचं बरंय. तिला सोबतीला तू तरी आहेस."

*

इथेनॉलला एक खोड असते. जुन्या टाकीत वर्षानुवर्षं बसलेला गाळ ते सोडवतं. भाटघरच्या रस्त्याला असाच गाळ फिल्टरमध्ये येऊन गाडी ठप्प झाली. फिल्टर काढून झटकत मी बसलो होतो. तेवढ्यात शेरडं घेऊन एक आजी आल्या.

"काय रं बाबा, बंद पडली व्हय?"

"हो आजी, होईल आता चालू."

"म्या मगाधरनं वरनं बघतीय. गाडी हळू यायाची, थांबायची, पुन्ना निघायची. आन् तू सारका बोलतुयास. कुणाशी? गाडीत तर दुसरं कुणीच न्हाई!"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. लॅपटॉपवरचा प्रत्येक आकडा मी मोठ्यानं वाचत होतो. नंदू शेजारी असताना वाचायचो तसा.

"मित्राशी बोलत होतो," मी म्हणालो.

"कुठं हाय त्यो?"

"मस्कतला. समुद्रापलीकडं."

आजींनी शेरडांना हाकारा घातला आणि जाता जाता म्हणाल्या, "मंग येवढ्या हळू बोलून त्याला ऐकू कसं जायाचं?"

*

मग मी शिंदेकाकांना धरलं. एसटीतले रिटायर्ड ड्रायव्हर. काकू गेल्यापासून दिवसभर कापूरहोळच्या स्टँडवर बसून असायचे. म्हटलं, काका, गाडी चालवाल का? एका स्पीडला धरायची, बाकी काही नाही.

काका भोर रस्त्याला लागले. काय हात होता! काटा जागचा हलत नव्हता. मी खूष. आणि अचानक ब्रेक!

"काय झालं काका?"

"थांबा आला की!"

थांब्यावर एक म्हातारी उभी होती. तिनं खिडकीतून काकांना ओळखलं, "आगं बया, ह्ये तर आमच्या मुक्कामी गाडीचं डायवर!" म्हणत दार उघडलं आणि मागं बसली. काकांनी गिअर टाकला. गाडी जड झाली, माझे सगळे आकडे बदलले. मी लॅपटॉपवर खटाखट बोटं मारायला लागलो, तशी मागून खांद्यावर थाप पडली.

"ओ कंडक्टर, म्या पंच्याहत्तरीची हाय. मला तिकीट न्हाई!"

दुसऱ्या दिवशी मी शटर उघडायच्या आधीच काका गॅरेजसमोर उभे. अंगात इस्त्रीची खाकी!

पण पुढच्या महिन्यात मुलगा येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेला.

*

आता शेवटचा.

सुरुवातीला मी नंदूला रिपोर्ट पाठवायचो आणि त्याचे लांबलचक व्हॉइस मेसेज यायचे. मग दोन-दोन शब्द यायला लागले. मग नुसता अंगठा. आणि एके दिवशी मेसेज आला, "काँट्रॅक्ट वाढलं. यायचं काही खरं नाही. डॉक्टर अजून विचारतायत, गाडी देऊन टाक."

मी डॉक्टरांना रविवारी सकाळी बोलावलं. पण एक काम राहिलं होतं. थंडीत इथेनॉलवर गाडी लवकर चालू होत नाही. अर्धवट गाडी कशी द्यायची? म्हणून शनिवारी वेल्ह्याला गेलो आणि मावसभावाच्या अंगणात ती रात्रभर गारठ्यात ठेवली.

उजाडताना काचेवर दव होतं. लॅपटॉप शेजारच्या सीटवर ठेवला आणि किल्ली फिरवली. एका दमात चालू झाली! मी रेकॉर्डिंग करून नंदूला पाठवलं. सवयीनं.

लगेच फोन वाजला. कित्येक महिन्यांनी. तो ड्युटीला निघायच्या बेतात होता, मागं भांड्यांचा आवाज येत होता.

"सुध्या, बंद कर. पुन्हा चालू कर."

केली.

"फोन बॉनेटजवळ धर. पुन्हा."

केली.

"पुन्हा."

चालू, बंद, चालू, बंद. बॅटरी जुनीच. शेवटी स्टार्टर नुसता टकटक करून गप्प झाला.

"संपली रे बॅटरी," मी म्हणालो. "आणि डॉक्टर निघाले असतील. त्यांना काय सांगू?"



नंदू म्हणाला, "सांग ना, गाडी चालूच होत नाही!"