बूथवर ऐकलं, ते डॉक्टरांना सांगितलं नाही

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. देवाला तरी काय सांगायचं — त्याच्याच जत्रेत विघ्न नको म्हणून गप्प बसलो, अशी मनाची समजूत घातली होती मी. तीही खोटीच. जत्रा नुसतं निमित्त होती.

मध्यंतरी सांगलीला शिकणारी नात आली होती. सांगत होती, लोक मोबाइलवर काय शोधतात, एकमेकांना काय लिहितात, त्यावरून आता साथ कुठं पसरतेय ते आधीच कळतं. म्हाताऱ्याला काही उमगणार नाही, असं तिला वाटलं असावं. मी मान डोलावली आणि उठून परड्यात गेलो. काय सांगणार होतो पोरीला? की हे काम तुझ्या आजोबानं केलंय — आणि जेव्हा खरी गरज होती, तेव्हा नेमकं केलं नाही?

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पाय जायबंदी होऊन मी फौजेतून परतलो आणि रहिमतपूरच्या अलीकडं आमच्या गावात मला एसटीडी बूथ मिळाला. बूथला काचेचं दार होतं, पण आमची माणसं फोनवर अशी बोलायची, की तार तुटलेली असती तरी मिरजेला ऐकू गेलं असतं. कुणाची सून रुसली, कुणाची म्हैस आटली, कुणाच्या घरात ताप आहे — सगळं माझ्या कानावर. सरकारी दवाखान्यात तेव्हा एक तरुण डॉक्टर होते, परगावचे. त्यांनी हे बरोबर हेरलं. म्हणाले, लोक माझ्याकडे येतात ते पार टेकीला आल्यावर, पण पै-पाहुण्यांना फोनवर आधीच सांगून मोकळे होतात. मला नावं नकोत. कुठल्या आळीतून कसलं दुखणं ऐकू येतंय, तेवढं सांगत जा.

मग रोज सकाळी ते बूथवर चहाला यायचे आणि विचारायचे. एकदा मी खालच्या आळीतल्या तापाचं सांगितलं, त्यांनी लगेच फवारणी करून घेतली आणि साथ तिथंच थांबली. मग काय — मी गावभर छाती फुगवून सांगत सुटलो.

शिवराम माझा दोस्त. भरतीला आम्ही बरोबर गेलो होतो, पलटणी तेवढ्या वेगळ्या मिळाल्या. तो राहायचा बौद्धवाड्यात, गावच्या नळाच्या पार शेवटच्या टोकाला. जत्रा तोंडावर आली असताना तो बूथवर आला. मिरजेला पोराला फोन लावून म्हणाला, नातीला घेऊन येऊ नका, वाड्यात लोकांची पोटं बिघडलीत, पाण्याला वास मारतोय. त्याच्या आधी वाड्यातल्या बायकांनीही असेच फोन केले होते. जाताना मला म्हणाला, डॉक्टरांच्या कानावर घाल. मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. चहा घेता घेता विचारलं, काय खबर? मी म्हणालो, काही नाही.

का? जत्रेला माझ्या लेकीला, शैलाला बघायला तासगावची माणसं येणार होती. आधीची स्थळं हातची गेलेली. डॉक्टरांना कळलं असतं तर त्यांनी नळ बंद केला असता, टाकीत जंतू मारायची टीसीएल पावडर टाकली असती, पाहुणे बोलावू नका म्हणून दवंडी दिली असती. जत्रा होऊ दे, मग सांगू — एवढंच ठरवलं मी. पण त्याच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, आणि ती जास्त घाण आहे. दुखणं वाड्यातच आहे ना, आपल्या आळीपर्यंत कुठं आलंय — हेही मनात आलं होतं. तेच फोन माझ्या भावकीतल्या बायकांनी केले असते, तर गप्प बसलो असतो मी? नसतो. शिवराम आणि मी एका ताटात जेवलेलो. तरी त्या दिवशी तो माझ्यासाठी वाड्यातला झाला.

जत्रेच्या दिवशी पाहुणे माझ्या सोप्यात मटण-भाकरी जेवत होते. शैला पसंत पडली होती. त्याच वेळी शिवरामच्या बायकोला, पारूला जीपमध्ये घालून साताऱ्याला नेत होते. ती वाटेतच गेली. वेळेवर सांगितलं असतं तर वाचली असती? डॉक्टर घरोघर फिरले असते, मीठ-साखरेचं पाणी पाजलं असतं. वाचली असती. कदाचित म्हणायचीसुद्धा मला सोय नाही.

शिवराम परत आला तो थेट बूथवर. पोराचा नंबर मीच फिरवला. त्यानं कसंबसं सांगितलं, रिसीव्हर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"डॉक्टरास्नी सांगितलं हुतंस न्हवं रं?"

"व्हय," मी म्हणालो. "सांगितलं हुतं."

पहिलं खोटं मी स्वार्थानं बोललो. हे दुसरं — हे कशानं? भीतीनंच. आणि ते तिथंच थांबलं नाही. वाड्यातली माणसं दवाखान्यापुढं जमली, तेव्हा डॉक्टर परोपरीनं सांगत होते की मला कुणीच काही बोललं नाही. सगळे माझ्याकडे वळले. डॉक्टरही. मी माझ्या जायबंदी पायाकडं बघत उभा राहिलो. गावचा फौजी आणि परगावचा डॉक्टर, लोक कुणाचं खरं मानणार? डॉक्टरांनी शिव्या खाल्ल्या आणि पुढं बदली मागून निघून गेले. जाताना ते बूथवर आले नाहीत. आले असते तर मी काय केलं असतं? बहुतेक चहा मागवला असता.

शैलाचं लग्न झालं. पंगतीत वाढायला शिवराम होता. सांगलीला शिकते ती नात, शैलाचीच लेक.

बूथ कधीच बंद पडला. शिवरामला आता धड दिसत नाही. मोबाइल घेऊन सकाळी माझ्या ओट्यावर येतो, पोराला लावून दे म्हणतो. मी लावून देतो. बोलून झालं की कधीकधी पारूचा विषय काढतो. आजही काढला.

"डॉक्टरनं मनावर घेतलं न्हाई," तो म्हणाला. "तू तरी सांगितलं हुतंस, गड्या."

मी व्हय म्हणालो.