गाठ मारायच्या आधी

"हलू नका," म्हणत चाचा पट्टी गुंडाळायचे, तिचं शेवटचं टोक कात्रीने मधोमध चिरायचे आणि गाठ मारायच्या ऐवजी ती दोन टोकं चिमटीत धरून विचारायचे, "मॅट्रिकनंतर विषय काय घेतलेलात?"

उत्तर दिल्याशिवाय सुटका नसे. जखमी अंगठा त्यांच्या हातात असायचा, पळणार कुठे? तेल कंपनीच्या इस्पितळात ते ड्रेसर होते. गाव रत्नागिरीकडचं, खाडीकाठचं. मला कुवेतला येऊन चारच दिवस झाले होते आणि स्टोअरमधलं खोकं उघडताना खिळा लागला होता. मी म्हटलं, "बी. ए. केलंय. इतिहास."

"त्यात डॉक्टर होता येतो?"

"नाही."

"मग र्‍हावं दे," म्हणून त्यांनी गाठ मारली. तेव्हापासून मी त्यांचा 'बीए' झालो.

ही चौकशी कशासाठी, ते मला पुढे कळलं. चाचांची थोरली मुलगी कॉलेजात सायन्सला होती. गावातली मॅट्रिक झालेली पहिली मुलगी. तिला डॉक्टर करायचं चाचांनी मनात धरलं होतं, कारण त्यांच्या गावच्या बायका पुरुष डॉक्टरला दुखणं सांगत नसत, अंगावर काढत आणि कधीकधी त्यातच जात. पण घरात शब्द चाले तो चाचांच्या थोरल्या भावाचा. त्यांनी अट घातली होती: कॉलेजची दोन वर्षं. तेवढ्यात मेडिकलला प्रवेश मिळाला तर शिकू दे, नाहीतर निकाह. स्थळ ठरलेलंच होतं.

म्हणून चाचा भेटेल त्या शिकलेल्या माणसाला विषय विचारत आणि औषधाच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर उर्दूत टिपून ठेवत. इंजिनियर, हिशेबनीस, शाळामास्तर, सगळे त्या गठ्ठ्यात होते. "ह्यांचा काय उपयोग चाचा?" असं मी विचारलं की म्हणत, "विचारलेला बरा."

मुलीचं पहिलं वर्ष संपलं आणि तिचं पत्र आलं. इंटरचा, म्हणजे दुसऱ्या वर्षाचा, फॉर्म भरायचा आहे, ए ग्रुप घेतला तर गणित, बी ग्रुप घेतला तर बायॉलॉजी. मला बायॉलॉजी बरं वाटतं, पण अब्बा, तुम्ही विचारून लगेच कळवा.

चाचांनी विचारलं, आणि तेही अगदी योग्य माणसाला. इस्पितळात एक तरुण पॅलेस्टिनी डॉक्टर होता, बैरुतला शिकलेला. मोठा भला माणूस. चाचांच्या मोडक्या अरबीतला प्रश्न त्याने नीट ऐकून घेतला आणि कागदावर रेघा मारून समजावलं. आधी चार वर्षांची पदवी. तिच्यात एक मुख्य विषय, तो केमिस्ट्री ठेवा. एक जोडविषय, तो आवडेल तो. माझा गणित होता, असं म्हणाला. मेडिकल त्यानंतर, आणि शरीराचं सगळं तिथे शिकवतातच.

शुक्रवारी चाचा तो कागद घेऊन फहाहीलला माझ्या खोलीवर आले. त्यांना उर्दू सफाईने येई, मराठी मात्र एकेक अक्षर लावून लिहीत, आणि मुलगी मराठी शाळेत शिकलेली.

"बीए, पत्र लिवायचा हाय. तुमचा अक्षर पोरीला लागेल." मग मी पेन उघडल्यावर म्हणाले, "पण आधी तुमास्नी काय वाटतंय ते सांगा. मना ह्यातला काय समजत नाय."

मलाही समजत नव्हतं, आणि तेवढंच सांगायचं होतं. माझा सख्खा मावसभाऊ तेव्हा मुंबईत मेडिकलला होता. त्याला तार केली असती तरी चाललं असतं. पण बी. ए. म्हणून चार लोक मान देत होते आणि 'माहीत नाही' हे म्हणायला जीभ वळेना. मी म्हटलं, "डॉक्टर स्वतः गणित घेऊनच डॉक्टर झालाय, मग प्रश्नच मिटला. ए ग्रुप." उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना आपण हसतो. कुवेतात उंटही होते आणि हाकणारा मी होतो.

एवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक. मी पत्रात माझ्या पदरचं एक वाक्य घातलं: 'गणिताने बुद्धीला शिस्त लागते.' चाचांना ते वाचूनही दाखवलं नाही. पत्र बरीदमध्ये, म्हणजे पोस्टात, मीच टाकून आलो.

मुलीने ऐकलं. ए ग्रुप घेतला आणि वर्षभरानं पहिल्या वर्गात पास झाली. पुढचं पत्र चाचांनी माझ्याकडेच वाचायला आणलं. 'अब्बा, गणितात मार्क छान आहेत. पण मेडिकलला बायॉलॉजी लागतं. ए ग्रुपवाल्यांचा अर्ज घेत नाहीत.'

"परत वाचा," चाचा म्हणाले. मी परत वाचलं. त्यांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाले, "डॉक्टर खोटा नाय बोलला. त्यांच्या मुलखात तसाच असेल. मुलूख विचारायचा र्‍हायला."

मला त्यांनी एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. आता मात्र मी मावसभावाला लिहिलं. त्याचं उत्तर आलं, बी ग्रुप घेऊन इंटर पुन्हा करता येईल, पण एक वर्ष जाईल. ते वर्ष थोरल्या भावाच्या अटीत बसत नव्हतं.

चाचांनी शिल्लक असलेली सगळी रजा काढली आणि बोटीने गावी गेले. दोन महिन्यांनी परत आले ते माझ्यासाठी आमसुलं घेऊन.

"एक वर्ष मागून आणला," ते म्हणाले.

"काय सांगितलंत भावाला?"

"चूक पोरीची नाय, माजी हाय म्हणून सांगितला." पुढे विचारायचं मला धाडस झालं नाही.

त्यानंतर त्यांचा प्रश्न बदलला. पट्टीची टोकं चिमटीत धरून ते विचारत, "विषय काय घेतलेलात? आणि कुठच्या मुलखात?" ड्रेसिंगच्या खोलीत हशा पिकायचा. मला हसू यायचं नाही.

पुढल्या वर्षी मेडिकलच्या प्रवेशाची तार आली. त्या दिवशी चाचांनी आल्या-गेल्या प्रत्येक जखमीला खजूर दिले आणि एकालाही विषय विचारला नाही. मुलगी शेवटच्या वर्षाला असताना त्यांची नोकरी संपली आणि ते गावी गेले. पत्र पाठवायचं दोघांनीही कबूल केलं. पत्र म्हटलं की माझाच हात अडखळे.

नऊ-दहा वर्षांपूर्वीच्या त्या पत्राची टोचणी घेऊनच मी रजेत त्यांच्या गावी गेलो. होडीतून उतरताना धक्क्याच्या जांभ्या दगडाने पायाचा अंगठा फुटला. चाचांचं घर विचारलं तर एक बाई म्हणाली, "ते रमजानात गेले. पोरीचा दवाखाना तो काय, पाय दाखवा तिथं."

पडवीत बाकावर दहा-बाराजणी बसल्या होत्या, मोठ्याने आपापली दुखणी एकमेकींना सांगत. चाचांनी हे पाहिलं होतं की नाही, हे विचारायला आता चाचा नव्हते.

डॉक्टरीणबाईंनी जखम धुतली, पट्टी गुंडाळली, टोक कात्रीने मधोमध चिरलं आणि दोन्ही टोकं चिमटीत धरून माझ्याकडे पाहिलं.

"कुवेतहून आलात म्हणता. तुम्ही बीए काका ना?"

"हो. ते ए ग्रुपचं पत्र मी लिहिलं होतं."

"ठाऊक आहे. अब्बांनी मोठ्या अब्बांना, म्हणजे त्यांच्या भावाला, सांगितलं होतं, 'बीए नको नको म्हणत होते, मुंबईला विचारू म्हणत होते, मीच ऐकलं नाही.'"

"मी असं काही म्हटलं नव्हतं," मी म्हणालो.

"तेही ठाऊक आहे," ती म्हणाली. "बुद्धीला शिस्त लागते, हे वाक्य अब्बांचं नव्हतं." आणि तिने हलक्या हाताने गाठ मारली.