खाचेचा तळ

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. आष्टीतल्या आपल्या पत्र्याच्या दुकानात कचरू मिस्त्री स्वतःच बनवलेल्या बाकाचा पाय करवतीनं उभा चिरत होता. शाळेत तीन मुली बसलेल्या असताना शनिवारी हाच बाक निखळला. कुणाला लागलं नाही. मुख्याध्यापिका साधना मॅडमनी तो परत पाठवला, सोबत निरोप: बुधवारी मधल्या सुट्टीत दुकानात येते, तोवर दुसरा बाक तयार ठेवा, तो स्वतः हलवून बघते. टिकला तर उरलेले चाळीस बाक तुमचेच. नाही तर काम परतूरच्या सुताराला.

आज मंगळवार होता.

पाय चिरला तशी दोन इंच खोल खाच उघडी पडली. तोंडाशी पांढरा गम वाळलेला, तळाला कोरडी बाभूळ.

एकतीस वर्षं कचरू गम बोटानं लावत आला होता. उस्तादानं तसंच शिकवलेलं: करंगळी खाचेत घालायची, तळाला फिरवायची, सगळीकडं ओलं लागलं की वरून कुसू, म्हणजे खाचेत बसणारं आडव्या लाकडाचं टोक, ठोकायचं. ब्रश वापरणाऱ्याला कचरू रंगारी म्हणायचा. दिवाळीपासून मात्र साखरेच्या आजारानं त्याच्या बोटांची जाण गेली होती. ती परत येणार नाही, असं डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं. घरी हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

गम पुरता धरायला चोवीस तास लागतात. मॅडम उद्या साडेअकराच्या सुमारास पोचतील, म्हणजे आज त्याआधीच नवा बाक शिकंज्यात आवळून हवा.

तो समोरच्या पप्पू मिस्त्रीच्या दुकानात गेला. "एखादा ब्रश दे रे."

"तुमाला? ब्रश?" पप्पू हसला. "आज सूर्य मावळतीला, शहागडाकून उगवला जनू! रंगारी झालाव का, दादा?"

कचरू ब्रश घेऊन परतला. टाकाऊ तुकड्यांत खाचा पाडून त्यानं गम लावला आणि पटाशीनं फोडून पाहिलं. ब्रशाचे केस तोंडाशीच मुडपले. बाटलीच्या नळीनं सगळा गम एका कोपऱ्यात साचला. मग घरून म्हशीला औषध पाजायची जाड सिरिंज आणली. वेळ कमी, म्हणून थेट नव्या बाकाच्या तयार पायावरच. अंगठा किती दाबला गेला हे त्याला कळलं नाही. खाच काठोकाठ भरली, कुसू ठोकलं, गमाला बाहेर पडायला वाट उरली नाही आणि पाय तडकला. आता जादाचा एकच पाय शिल्लक होता. नऊ वीस झाले होते.

त्याची बायको नंदाबाई चहा घेऊन आली. वाफाळता ग्लास त्यानं मुठीत धरला आणि तसाच धरून बसला.

"अवं, चटका बसत न्हाई का?"

"बसतो की."

"काय बसतो! हा फोड कसला मंग?"

कचरूनं ग्लास खाली ठेवला. "काहीच कळत न्हाई गं बोटाला. तळाला गम लागला का न्हाई, बिलकुल कळत न्हाई."

"कव्हापासून?"

"दिवाळीपासून."

"आन् मला आज सांगून राह्यलाव?"  ती मोबाईलची बॅटरी लावून तयार पायाच्या खाचेत डोकावली. "हितं तर तळापतुर समदं दिसतंय. बोटाला न्हाई कळत तर माझ्या डोळ्याला कळंल. उठा जल्दी."

जादाच्या पायाला खाचा पाडण्यात तास गेला. कचरूनं बांबूची एक कामटी तासून तिचं टोक चपटं केलं. तो कामटीनं गम पसरायचा, ती बॅटरी धरून सांगायची.

"डाव्या कोपऱ्याला कोरडं."

"आता?"

"खालून अजून. हां, आता बराबर."

असे आठ जोड. शेवटचा शिकंजा आवळला तेव्हा अकरा बावीस झाले होते. जोड बसला की आत काय झालं ते कुणालाच दिसत नाही. बाहेर आलेला गम कचरूनं फडक्यानं टिपला, बोटं पँटला पुसली आणि पुसली गेली का ते डोळ्यांनी पाहून घेतलं.

उद्या शाळेची मधली सुट्टी सव्वाअकराला होते. शाळेपासून दुकान चालत नऊ मिनिटांवर आहे, म्हणजे मॅडम अकरा चोवीसला पोचतील.