शेवटची टाचणी

घड्याळजींच्या घरात पाहुण्यांपेक्षा चतुर-कीटकांची बडदास्त जास्त. बैठकीतल्या कपाटातल्या साड्या कधीच माळ्यावर गेल्या होत्या. तिथे आता डब्या, आणि डब्यांत चतुर अन् त्यांच्या सडपातळ चुलत बहिणी, टाचण्या. घड्याळदुरुस्तीचं दुकान सांभाळून जमवलेला हा संग्रह कॉलेजच्या संग्रहालयात जायचा होता. एकच जागा रिकामी होती: पलीकडच्या तळ्यावरची नारिंगी शेपटीची टाचणी. आणि तळ्यात तर भराव पडू लागला होता.

"नुसता फोटो चालणार नाही," संग्रहालयाच्या बाईंनी बजावलं होतं. "जात ठरते शेपटीच्या टोकावरून. नमुना नसेल तर तळ्यावर ती होती, असं लिहिता यायचं नाही."

काल ती सापडली. कागदाच्या घडीत रात्रभर जिवंत ठेवायची, पोट रिकामं झालं की ॲसिटोनमध्ये बुडवायची, नाहीतर अंग काळं पडतं. सकाळी घड्याळजी आंघोळीला गेले आणि टेबलावरचा कागद फडफडताना बायकोला दिसला. तिला राहवलं नाही. तिने घडी जराशी उलगडली.

"अहो! उडाली!"

घड्याळजी टॉवेलवरच धावले. "पंखा! आधी पंखा बंद कर!"

बटण बंद झालं, पण पाती थांबता थांबेनात. टाचणी त्यांच्या खालून निसटून पडद्यावर बसली. दोघांच्या जिवात जीव आला, तोच ट्यूबलाइटमागून पाल निघाली.

"हाकलू?" बायकोने झाडू उचलला.

"हलू नकोस! टाचणी उडेल, झरोका उघडा आहे."

पाल वीतभर सरकली. थांबली. घड्याळजी स्टुलावर चढले. केसासारख्या स्प्रिंगा बसवणारी दोन बोटं पुढे झाली.

"टॉवेल सुटतोय हो."

"सुटू दे!"

पालीने झेप घेतली. चिमटीत मिटलेले पंख आले; पालीच्या तोंडी फक्त पडद्याचा धागा.

घड्याळजींनी शेपटीचं टोक पाहिलं. शाबूत होतं.

"रात्रभर उपाशी ठेवलंत बिचारीला," बायको टॉवेल देत पुटपुटली. "आता मारणारच ना?"

"सोडू कुठे? तळ्यावर भरावाचे ट्रक लागलेत."

 ॲसिटोनची बरणी पुढे ओढून बायकोने झाकण काढलं.

"टाका. झाकण मी लावते. तुम्ही टॉवेल सांभाळा."