एकशेवीस सेकंद

पुलगावच्या प्रमोदिनी उमाटे सोळा वर्षांपासून आर्वी तालुक्यातल्या शाळांमध्ये फिरत्या विशेष शिक्षिका आहेत. नोकरी कंत्राटी, स्कूटी स्वतःची आणि वाट्याला गावं एकोणीस. ज्या मुलांना ऐकू येत नाही, नीट दिसत नाही, हातपाय साथ देत नाहीत किंवा शिकायला वेळ लागतो, त्यांच्या शाळेत आठवड्यातून एकदा जायचं. मुलाला शिकवायचं, गुरुजींना समजवायचं, आईला समजवायचं, आणि हे सगळं केल्याचे फॉर्म भरायचे. वैताग येणं हा या कामाचाच एक भाग आहे, असं त्या म्हणतात. पण गेल्या वर्षी त्यांना जो वैताग आला, तो वेगळा होता.

दिवाळीनंतर बाहेरच्या एका संशोधन संस्थेनं त्यांना एका अभ्यासासाठी घेतलं. दिव्यांग मुलांची आणि इतर मुलांची आकलनशक्ती वयाबरोबर कशी वाढत जाते, हे पाहायचं होतं. सहा ते दहा वर्षांची साठ मुलं. तीस दिव्यांग, तीस इतर. चाचण्या टॅबलेटमध्ये भरलेल्या होत्या. समन्वयक साकेत हा सत्तावीस वर्षांचा, अतिशय नम्र मुलगा होता. पुढे बाईंना त्याचा नम्रपणाच सोसेना.

पहिली कटकट भाषेची झाली. ‘दिलेल्या आकृतीप्रमाणे रचना कर’ असं वाचल्यावर मुलं बाईंच्या तोंडाकडे बघत बसायची. मग बाई म्हणायच्या, “हे जसं दिसते ना, तसंच मांडून दाखव.” मुलं लगेच कामाला लागायची. साकेतनं टॅबलेटमधलं ध्वनिमुद्रण ऐकलं आणि फोन केला.

“मॅडम, सूचना शब्दशः वाचायची आहे.”

“शब्दशः वाचली तर त्यांना कळत नाही.”

“हो मॅडम, पण सगळीकडे एकसारखं व्हायला हवं.”

दुसरी कटकट चित्रांची. चित्रात काय काढायचं राहिलंय ते ओळखायचं होतं. एका चित्रात आंघोळीचा टब होता आणि त्याला नळ नव्हता. साठातल्या एकाही मुलानं नळ राहिला असं सांगितलं नाही. बहुतेकांनी सांगितलं की हा बैलांना पाणी पाजायचा हौद आहे आणि यात पाणी राहिलं. दिव्यांग असो की नसो, सगळ्यांना शून्य. निदान इथं तरी भेदभाव नाही, असं बाई कडवटपणे म्हणाल्या.

मग काजलची पाळी आली.

रोहण्याच्या पलीकडच्या एका लहान गावात मंदाबाई भाजीपाला पिकवतात. काजल त्यांची मुलगी, नऊ वर्षांची, चौथीत. जन्मापासून तिला सेरेब्रल पाल्सी आहे. हात ताठ होतात, बोटं मनासारखी उघडत नाहीत, शब्द लांबत येतात. प्रमोदिनीबाई तिला पहिलीपासून शिकवत होत्या.

नऊ लाल-पांढरे ठोकळे होते. पडद्यावरची नक्षी बघून ते मांडायचे. वरच्या बाजूला एक लाल पट्टी लहान लहान होत जाते आणि एकशेवीस सेकंद झाले की पडदा आपोआप बंद होतो. काजलचा तिसरा ठोकळा हातात असतानाच पडदा बंद झाला. गुण शून्य.

“झालं बेटा,” बाई म्हणाल्या. “दुसरं घेऊ.”

“माह्यं नाई झालं,” काजल म्हणाली.

नक्षी तिच्या ध्यानात होती. ती मांडत राहिली. एक ठोकळा चुकीचा ठेवला, थांबली, आपणच उचलून फिरवला. बाईंनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं होतं. साडेनऊ मिनिटं लागली, आणि नक्षी बरोबर होती.

त्यांनी तिथूनच साकेतला फोन लावला. “ही चाचणी डोकं मोजते की बोटं?”

“मॅडम, तुमचा मुद्दा समजतो. पण वेळ बदलली तर तुलना करता येत नाही.”

“आत्ता जी करताय, तिला तुलना म्हणता?”

“मी वर कळवतो, मॅडम.”

वरून काही आलं नाही. तेव्हा बाईंनी एक दोनशे पानी वही घेतली. पडदा बंद झाला तरी प्रत्येक मुलाला हातातलं काम पूर्ण करू द्यायचं आणि लागलेला वेळ वहीत लिहायचा, असं त्यांनी ठरवलं. साठही मुलांचं केलं. आधीच्या मुलांकडे पुन्हा गेल्या. दिव्यांग मुलांपैकी आणखी अकरा जणांना वेळ मिळाल्यावर नक्षी जमली. इतर मुलांतल्याही चौघांना जमली. काहींना कितीही वेळ दिला तरी जमली नाही. तेही त्यांनी लिहिलं. सगळ्यांना सगळं येतं असं दाखवायचं नव्हतंच.

फेब्रुवारीत त्या काजलच्या गावी गेल्या, तर मंदाबाई रस्त्यातच उभ्या होत्या. कडेवरच्या टोपल्यात सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, हिरव्या जुड्या होत्या.

“मॅडम, तुमच्या त्या मशीननं माह्या पोरीले पह्यलीत नेऊन बसवलं.”

“म्हणजे काय झालं?”

“शाळेत कागद आला म्हणे. हे तीन वर्षं मागं आहे म्हणून. दोन दिवस झाले, जेवून नाई राह्यली. तुम्ही तं म्हटलं होतं, नुसता अभ्यास आहे म्हणून. मंग कागद काऊन धाडला?”

संस्थेनं शाळांना सौजन्य म्हणून निकाल पाठवले होते, हे बाईंना कोणी सांगितलंच नव्हतं. पण काजलसमोर तो टॅबलेट त्यांनीच धरला होता.

शाळेत काजल सहा वर्षांच्या पोरांमध्ये गुडघे पोटाशी घेऊन बसलेली होती. बाई तिला हाताला धरून मुख्याध्यापकांच्या खोलीत घेऊन गेल्या. देवतळे सर म्हणाले, “मॅडम, मी थोडंच ठरवलं? कागद आला.”

“कागद माझ्याच हातचा आहे. तुम्ही बसा.”

त्यांनी टेबलावर ठोकळे ओतले आणि नक्षीचा कागद ठेवला. सर बसले. दोन मिनिटांनी त्यांनी मोबाईल काढला. चौथ्या मिनिटाला एक ठोकळा घरंगळला, तो सरकवायला त्यांनी हात पुढे केला.

“हात लावू नका,” बाई म्हणाल्या.

बाहेर खिचडीची घंटा झाली. सर चुळबुळले. “तो पांढरा उलटा ठेवला तिनं.”

“मले दिसते जी,” काजल मान वर न करता म्हणाली. “थांबा ना.”

सरांनी मोबाईल खिशात टाकला. नववा ठोकळा बसेपर्यंत मग त्यांनी तो काढला नाही.

“लिहायलेही इतकाच वेळ लागते का तिले?” सरांनी विचारलं.

“लागतो.”

“मग पेपरात कसं करायचं?”

“जादा वेळ द्यायचा नियम आहे, सर. त्याचा कागद मी तुम्हाला तीनदा दिलाय.”

सर कपाटाकडे बघत राहिले. सोमवारपासून तिला चौथीत बसवतो, असं म्हणाले. आजपासून का नाही, असं बाईंनी विचारलं, तर हजेरीपट बदलावा लागेल म्हणाले. सोमवारी नेमकी सुटी निघाली. काजल मंगळवारी चौथीत गेली आणि त्या दिवशी डबा रिकामा करून आली, असं मंदाबाईंनी फोन करून सांगितलं. वार्षिक परीक्षेत तिला जादा वेळ मिळाला. गणितात पास झाली, इंग्रजीत राहता राहता वाचली.

बाईंनी वहीच्या झेरॉक्स काढून संस्थेला पाठवल्या. जूनमध्ये अहवाल आला. चौसष्टाव्या पानावर तळटीप होती: ‘काही मुलांची कामगिरी अधिक वेळ दिल्यास सुधारत असल्याचे क्षेत्रीय पातळीवर अनौपचारिकरीत्या आढळले.’ बाईंनी ते वाक्य दोनदा वाचलं. साठ मुलं, तीन महिने, स्कूटीवरून पार केलेले खड्डे, आणि त्याचं नाव अनौपचारिकरीत्या.

अभ्यासाच्या दुसऱ्या टप्प्यासाठी त्यांना बोलावणं आलं नाही. त्यांच्या जागी निकेश नावाचा नवीन मुलगा घेतला. त्यानं एका दुपारी फोन करून रोहण्याला जायचा जवळचा रस्ता विचारला. बाई त्याच्याशी पंचेचाळीस मिनिटं बोलल्या. रस्ता त्यांनी अगदी शेवटी सांगितला.